आखूड बाही

थोरलीचा नवरा जाऊन सहा महिने झाले तरी ती रडली नव्हती. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाली होती. चहा गरम आहे की गार, हेसुद्धा तिला कप रिकामा झाल्यावर आठवायचं.

धाकट्या जावेला मात्र गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. "जाऊबाई, भिंतींकडे बघून पोट भरतं का? एवढा हात चालतो तुमचा, स्वेटर विणून विका की!" थोरलीच्या होकाराची वाटही न बघता तिने बाजारातला कपड्यांचा दुकानदार गाठला. पहिले बारा स्वेटर पसंत पडले तर वर्षभर काम देतो, असं त्याच्याकडून वदवून घेतलं आणि पुढच्या खोलीत लोकरीचे गठ्ठे आणून आदळले. थोरलीने सुया हातात घेतल्या.

अडीच महिन्यांनी बारा स्वेटर दुकानात गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले.

"उजवी बाही आखूड आहे म्हणे," धाकटीने कपाळावर हात मारला. "एकाची समजू शकते मी. पण बाराच्या बारा? अहो, डोळे मिटून..." आणि तिला थोरल्या दिरांचा हात आठवला.

थोरलीचा नवरा लहानपणी झाडावरून पडला होता. उजवा हात नीट सांधला गेला नाही, तो आखूडच राहिला. लग्न झाल्यापासून थोरलीने एकट्या त्याच्यासाठीच विणलं होतं, तेही टेप न लावता. त्याचं मनगट आलं की तिचा हात आपसूक थांबायचा. त्याचे जुने स्वेटर तो गेल्यावर तिने पहिल्याच महिन्यात वाटून टाकले होते.

"मनगटाची पट्टी उसवायची, पुढे विणायचं. त्यात काय," ती म्हणाली.

"एक तरी राहू दे ना तसाच."

"कशाला? घालणार कोण?"

तिने बाराही उसवले. आता टेप लावली, ओळी मोजल्या. दुकानदार खूश झाला आणि त्याने आणखी चाळीस मागितले. शेजारच्या दोघी हाताखाली आल्या. थोरली त्यांना बजावायची, "डावी-उजवी सारखी हं." धंद्याचं बस्तान बसलं.

एका दुपारी सगळ्या विणत बसल्या असताना तिने उरलेली करडी लोकर घेतली. हा स्वेटर विकायचा नव्हता. डावी बाही झाली. उजवी मनगटाशी आली, पण हात थांबला नाही, सरळ टेपेच्या मापापर्यंत गेला. तिने उसवलं. पुन्हा विणलं. दोन बोटं? की तीन?

"अगं, ह्यांचा हात किती आखूड होता गं?"

धाकटीच्या सुया थांबल्या. "ते... तुम्हालाच माहीत असणार, जाऊबाई."

थोरलीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, ती अर्धी बाही छातीशी धरली, आणि मग तिला रडू आवरेना.