घ्यायची नाही, नुसती बघा

“तुम्हीच जा, गंगाधरभाऊ,” जयवंत म्हणाला. “तुमच्या जिभेवर साखर आहे. वहिनी तुम्हाला नाही म्हणायच्या नाहीत.”

जयवंत आमच्या लालबागच्या चाळीच्या मंडळाचा चिटणीस. एक मे दोन दिवसांवर आला होता. महाराष्ट्र मिळणार होता, कठड्यांवर दिवे लागणार होते आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढे भिवाची ढोलकी हवी होती. भिवाला जाऊन चार वर्षं झाली. ढोलकी त्याच्याच खोलीत खुंटीला होती. त्याची बायको, सुभद्रावहिनी, तिला कुणाला हात लावू देत नव्हत्या.

साखर कसली डोंबलाची! मी दादरच्या एका दुकानात साड्या उलगडून दाखवणारा नोकर. वीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो. गिऱ्हाइकाला कधी ‘घ्या’ म्हणायचं नाही. ‘घ्यायची नाही हो, नुसती बघा’ म्हणायचं. मग घडी मोडायची. मग ‘पदर नुसता खांद्यावर टाकून बघा.’ एकदा बाई आरशासमोर उभी राहिली की ती स्वतःच स्वतःला पटवते. आपण गप्प बसायचं.

ह्याच हुशारीनं मी भिवाचा घात केला.

पंचावन्न सालच्या डिसेंबरात चाळीचाळींतून प्रभातफेऱ्या निघत होत्या. भिवा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. ढोलकी वाजवावी तर त्यानंच, पण माणूस मुलखाचा घुमा. “मुंबई कोनाची का असंना, मला साचेच चालवायचेत,” म्हणायचा. मंडळानं हात टेकले. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या, आणतो की नाही बघा. खरं सांगतो, मला महाराष्ट्राचं जेवढं पडलं होतं, त्याहून माझ्या हातखंड्याचं जास्त पडलं होतं. लाज वाटते आता, पण होतं ते असं.

“तू येऊच नको रे, भिवा,” मी म्हटलं. “ढोलकी नुसती उसनी दे.”

“ह्या! दसऱ्याला पुजतो तिला मी. परक्याचा हात नाय लागायचा.”

“मग परक्याचा कशाला? तूच वाजव. इथंच, गॅलरीत.”

वाजवली. मग गॅलरीतून गल्लीत, गल्लीतून नाक्यावर. एकदा नाक्यावरच्या सभेत बोलणारा आलाच नाही. मी भिवाला पुढे ढकललं. म्हटलं, भाषण नाही रे बाबा, दोनच वाक्यं. भिवा घाम पुसत उभा राहिला आणि म्हणाला, “माझा बाप ह्याच गिरनीत खोकून मेला. ही मुंबई आमच्या छातीतल्या कापसावर हुबी हाय.” टाळ्यांचा नुसता कडकडाट! दुसऱ्याचं ऐकून माणूस मान डोलावतो आणि विसरतो. चारचौघांत स्वतःच्या तोंडानं बोलला की मात्र तो त्या बोलण्याला बांधला जातो. भिवा आरशासमोर उभा राहिला होता.

जानेवारीत मुंबई केंद्राकडे जाणार असं जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. गोळीबार सुरू झाला. माझी तर पाचावर धारण बसली. सकाळी भिवा निघाला तेव्हा मी त्याला जिन्यात अडवलं. वहिनी नळावर होत्या. ढोलकी त्यानं घरीच ठेवली होती.

“आज नको जाऊस. पाया पडतो तुझ्या.”

“आणलंस तूच ना मला?”

“अरे, मी तर नुसतं…”

“तू कायपन असशील. आता मला पटलंय.” हसला, मला बाजूला सारलं आणि गेला. संध्याकाळी चौघांनी त्याला परळच्या नाक्यावरून उचलून आणलं.

जयवंतच्या आग्रहावरून मी वहिनींकडे गेलो खरा, पण मागायचं नाही असं ठरवून गेलो. त्यांनी चहा दिला.

“ढोलकीसाठी आलात?”

“नाही हो, वहिनी.”

“मग? नुसते बसायला?”

मी कप खाली ठेवला. त्या खाली बघत म्हणाल्या, “एक विचारू, भावजी? त्यांना सोताला पटलं होतं, का तुमी पटवलंत?”

चार वर्षं मी ह्या प्रश्नाला भीत होतो. मी सगळं सांगितलं. माझी फुशारकी, सभा, जिना, पाया पडणं, त्याचं हसणं, ‘आता मला पटलंय’ हे त्याचं बोलणं, काही म्हणजे काही लपवलं नाही. रडलोही.

वहिनींनी कप उचलला. “बोलता मात्र छान,” त्या म्हणाल्या. “ह्यांनाबी असंच वाटलं असंल.”

“देवाशपथ खरं सांगतोय, वहिनी!”

“असंल.”

त्या उठल्या. खुंटीवरची ढोलकी काढली, पदरानं पुसली, क्षणभर पोटाशी धरली आणि माझ्यापुढे केली.

“मी मागितली नाही, वहिनी.”

“तुमी कधी मागता? न्या.”

घेतली मी. दुसरं काय करणार होतो? परक्याचा हात लागू नये म्हणून भिवानं जपलेली ढोलकी छातीशी धरून जिना उतरलो. खाली जयवंत मंडळींना ओरडून सांगत होता, “बघा! म्हटलं नव्हतं? गंगाधरभाऊंनी पटवलंच!”