प्रार्थनाघरात राहिलेला दंडा

मी एक जुना रेल्वेचा दंडा आहे. हातभर लांब, ओक लाकडाचा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. वेल्सच्या डोंगरांत पोंट हेलिग ते कूम अवालेन हा आमचा छोटा मार्ग. मित्रांनो, तिथे रूळ एकेरी! म्हणून नियम असा की, मी ज्या ड्रायव्हरच्या हातात असेन त्याचीच गाडी निघणार. दंडा एक, गाडी एक, मग टक्कर होणार कशी? दगडाच्या खाणीसाठी हा मार्ग बांधला, तेव्हाच एका सुताराने मला घडवलं. पुढे लोकर, दूध, शाळेची मुलं, सगळी माझ्या भरवशावर गेली. मला त्याचा भारी तोरा होता!

आमच्याकडे माणसाला त्याच्या कामावरून हाक मारतात. ड्रायव्हर इद्वाल म्हणजे 'इद्वाल इंजिन'. तोच गावाच्या गायकवृंदाला गाणं शिकवायचा आणि तालमीत ताल द्यायला मलाच हवेत नाचवायचा.

गाण्याच्या मोठ्या स्पर्धेचा दिवस उजाडला. सगळा वृंद नटूनथटून गाडीत बसला. पोंट हेलिगला मोठी गाडी गाठायची होती. ती चुकली तर स्पर्धाच हुकणार. स्टेशन सांभाळणाऱ्या ब्लोद्वेनबाईंनी विचारलं, "इद्वाल, दंडा कुठाय?"

इद्वालचा चेहरा पडला. "प्रार्थनाघरात. काल तालमीनंतर तिथेच राहिला."

"अगं, आपली एकच तर गाडी," पाववाली नेरिस खिडकीतून ओरडली. "समोरून काय मेंढ्या येणारेत?"

"मेंढ्या येवोत नाहीतर राजा येवो, दंड्याशिवाय गाडी हलणार नाही," ब्लोद्वेनबाई म्हणाल्या.

"स्पर्धा बुडेल, बये!"

"पहिल्या रांगेत मीच गाणार आहे, नेरिस! मला काय हौस आलीय?" बाईंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी सिग्नल काही दिला नाही.

मग सगळेच उतरून टेकडीवरच्या प्रार्थनाघराकडे धावत सुटले. चढ असा की, जो जिथे दमला तो तिथेच थांबला. वर पोचला एकटा लांबटांग्या गवंडी. पण वाटेवर ठिकठिकाणी धापा टाकणारी माणसं उभी होतीच! मी हातोहात खाली आलो. नेरिसने तर मला पटकन एक मुकाही दिला.

गाडी सुटली, पण फार उशिरा. "तिथे नाही तर नाही," इद्वाल इंजिनातून गरजला, "इथे गा!" आणि खिडक्या उघडून सगळे जीव तोडून गाऊ लागले.

पोंट हेलिगला मोठ्या गाडीच्या गार्डने हिरवा झेंडा उचलला होता. एवढ्यात वळणापलीकडून गाणं ऐकू आलं. गाडी दिसतही नव्हती, तरी त्याने झेंडा खाली घेतला. "थांबा," तो म्हणाला, "कूम अवालेनची मंडळी येताहेत." मोठी गाडी मिळाली आणि आमची मंडळी बक्षीस घेऊनच परतली!

पुढे रस्ते झाले, आमची गाडी ओस पडली आणि मार्ग बंद झाला. मी कपाटात धूळ खात पडलो, रडलोही. मग गावाने स्वतः राबून रूळ मोकळे केले आणि गाडी पुन्हा सुरू केली. आता मी पुन्हा कामावर आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी छोटी गाडी असेल, तर तिच्यात बसत जा. त्या दिवशी मोठी गाडी थांबली ती आत भरलेल्या माणसांसाठी. रिकाम्या गाडीसाठी कुणीच थांबत नाही.