हाड म्हणा, गाठ म्हणू नका

मित्रांनो, मी नाकात डोकावणारी एक जुनी दुर्बीण आहे. लोक दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसतात, मी दुसऱ्यांच्या नाकात स्वतःलाच खुपसते. पेन्सिलीहून बारीक माझी काया, पोटात काचेच्या कांड्या आणि टोकाला उजेड. छत्रपती संभाजीनगरात डॉक्टर प्रमोदिनीबाईंच्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पोरांनी नाकात कोंबलेले शेंगदाणे, मणी, खोडरबर, काय काय म्हणून पाहिलं! पुढे नवी दुर्बीण आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकदा नवी दुर्बीण दुरुस्तीला गेली, तेव्हा माझी आठवण झाली. समोर पिशोरची प्रेरणा बसली होती. शाळेच्या कबड्डी संघातली ही मुलगी, पण हल्ली एका चढाईतच तिला धाप लागायची. नाकाचं हाड वाढलंय, असं गावात सगळे म्हणत. कुणाचंही नाक बंद झालं की आपल्याकडे हाडच वाढतं! त्यामुळे तिची आई भागूबाई निर्धास्त होत्या आणि नाकात थेंब घालत होत्या.

मी आत शिरले आणि थबकले. मधल्या पडद्याला धरून काहीतरी गुळगुळीत, पांढुरकं, टणक बसलं होतं. हाड नव्हे, मांसही नव्हे. असलं मी कधीच पाहिलं नव्हतं. कधी एकदा त्याच्या मागे जाऊन बघते, असं मला झालं. डॉक्टरबाईंनी मला सगळीकडून फिरवलं आणि म्हणाल्या, ही कूर्चेची गाठ दिसतेय, काढावी लागेल.

भागूबाईंनी मुलीचा हात धरला आणि त्या उठल्याच. "गाठीला सुरी लागली की ती पसरती, मॅडम. हाड असतं तर काढू दिलं असतं. गाठ नाय."

"आई, मला दम पुरत नाय," प्रेरणा म्हणाली. ती जागची हलली नाही.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी भागूबाईंना स्वतःचा कान वरून दुमडायला लावला. कान वाकला आणि सोडताच जागेवर आला. हीच कूर्चा, त्या म्हणाल्या, नाकातही असते आणि क्वचित एखाद्याच्या नाकात तिची गाठ होते. अशी गाठ साधी असू शकते, पण पुरती काढून तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. भागूबाई बराच वेळ उभ्यानंच कान चाचपत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी मान डोलावली.

स्कॅन झाला, भूल दिली गेली. मी वाट दाखवली आणि बाईंनी नाकपुडीतूनच गाठ मुळासकट काढली, भोवतालची थोडी कूर्चाही घेतली. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. तपासणीत गाठ साधीच निघाली. ती पुन्हा उगवू शकते, म्हणून बरं वाटलं तरी दाखवायला यायचं, असं बाईंनी बजावलं.

प्रेरणा दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेऊन बघत होती. भागूबाई मात्र रडायला लागल्या.

"माझ्या नणंदेच्या छातीत गाठ व्हती," त्या म्हणाल्या. "लाजंनं तिनं वरीसभर पदराखाली झाकली. आपरेशन झालं अन् ती गेली. आम्ही आजवर सुरीलाच दोष देत आलो."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, ते काम दवाखान्याचं. तुमच्या घरात कुणी दुखणं लपवत असेल, तर त्याला हाताला धरून इथं आणा. मी नाकात कितीही खोल डोकावेन, पण पदराखालचं मला दिसत नाही.