तिकिटाचे दाते

टपाल तिकिटाची कड भिंगाखाली धरली, की दाते सारखे दिसत नाहीत. घडी घालून जपून फाडलं असेल तिथं ते आखूड असतात. घाईनं ओढलं असेल तिथं कागदाचे बारीक तंतू बाहेर येतात. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या संग्रहातलं पहिलं तिकीट मी असं नुसतं कडेनं पाहिलं.

संग्रह म्हणजे पत्र्याची एक पेटी. उदगीरला अप्पांची आडत होती. हैदराबाद, बिदर, सोलापूरहून आलेल्या पाकिटाचा तिकिटाकडचा कोपरा ते कात्रीनं कापून पेटीत टाकत. त्यात निजामाची, उर्दू अक्षरांची तिकिटंही होती. पण कागदापासून एकही सोडवलेलं नव्हतं. ‘पानी झालं की भिजवू,’ असं ते बहात्तरच्या दुष्काळात म्हणाले होते. नंतर पाऊस बरा झाला त्या वर्षीही तेच म्हणाले. ते गेल्यावर पेटी माझ्याकडे आली.

माझ्या आईचं, अव्वाचं डोळ्यांबाबत तेच चाललं होतं. आधी मोतीबिंदू पिकला नाही, म्हणून. मग नांदेडच्या डॉक्टरांनी पिकला असं सांगितलं. आणखी लांबवलं तर डोळा हाती लागणार नाही, हेही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “आता लातूर जिल्हा झालाय. तिथं मोठा दवाखाना व्हईल, तवा बघू.” नांदेडला मी रसायनशास्त्र शिकवायचे, घर दवाखान्यापासून जवळ होतं. तरी ती येत नव्हती.

त्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर सुरू झाले. मी सुटीला उदगीरला आले आणि परातीत पाणी मागितलं.

“प्यायला न्हाई, अन् तिकिटाला आंघोळ?”

“वाया नाही जाणार. नंतर दारच्या बेलाला घालू.”

“डिंकाचं पानी पिऊन बेल चिकटंल,” अव्वा म्हणाली. पण पाणी तिनंच ओतलं. किती भरलं ते कळावं म्हणून काठाशी बोट बुडवून ठेवलं होतं.

तुकडे पाण्यावर सोडले. कोरडं तिकीट ओढलं तर पाठ सोलून येते. भिजू दिलं तर आपणच सुटतं. तिकीट चिमट्यानं उचलून अप्पांच्या जुन्या धोतरावर ठेवायचं, उरलेला कागद सुपात टाकायचा.

“मला दे,” अव्वा म्हणाली. “नुसतं बसून काय करू?”

मी चिमटा दिला. तेवढ्यात शेजारच्या नागुबाईनं टँकर आल्याची हाक मारली. मी घागर घेऊन धावले.

परतले तेव्हा धोतरावर ओळी लागल्या होत्या, अगदी सरळ. सगळे कोरे कागद. तिकिटं सुपात गोळा होऊन पडली होती.

“झालं की,” अव्वा म्हणाली. “तुझ्या बापानं उगं येवढी वर्षं घालवली.”

मी खाली बसून हळूच कागद उचलायला लागले.

“काय करायलीस?”

“नीट वाळायला लावते.”

“नीटच हाय ते.” तिनं हात पुढं करून एक तुकडा उचलला. अंगठा कडेवरून फिरवला. चारी बाजू. तो ठेवून दुसरा घेतला.

“याला दाते न्हाईत,” ती म्हणाली. “ही कात्रीची कड हाय.”

“हो, अव्वा.”

तिनं चाचपत सूप ओढलं. ओल्या ढिगातून एक तिकीट काढून बोटांत धरलं. बराच वेळ धरलं.

“निजाम सुपात, अन् चिंध्या धोतरावर,” ती म्हणाली. मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिकीट तिनं माझ्या तळहातावर ठेवलं.

“दवाखाना व्हईल तवा व्हईल. शिवगंगा, उद्याच्या गाडीनं मला नांदेडला ने. मोतीबिंदू काढून घेते.”