मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे

दाढ काढल्याच्या तिसऱ्या दिवशी ठणका थेट कानापर्यंत पोहोचला. निवृत्त मुख्याध्यापिका दुर्गाबाई सोलापुरातल्या तंबाखूमुक्त शाळा समितीच्या अध्यक्षा. संध्याकाळी दोनशे शिक्षकांपुढे त्यांचे भाषण होते आणि तोंड उघडवत नव्हते. त्यांनी दाताचा दवाखाना गाठला. डॉक्टर चेतना त्यांचीच विद्यार्थिनी.

“बाई, खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेलीय, हाड उघडं पडलंय. तंबाखू वगैरे?”

“कुणाला विचारतेस, चेतना?”

चेतनाने खड्डा सलाईनने धुतला. कापसावर काळी पूड आली.

“मग हे काय?”

“ती मिश्री. रोज सकाळी लावते मी.”

“अहो बाई, तंबाखूच भाजून करतात की ती!”

“भाजल्यावर तंबाखू उरतो कुठे?” तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाईंनी विचारले.

चेतनाने लवंगतेलाची औषधी पट्टी खड्ड्यात बसवली. ठणका ओसरू लागला.

“जखम भरेपर्यंत मिश्री बंद. नाहीतर पुन्हा हेच.”

संध्याकाळी दुर्गाबाई तंबाखूच्या दुष्परिणामांवर पाऊण तास अस्खलित बोलल्या. मिश्रीचा उल्लेख त्यांनी, विषयाला धरून नसल्यामुळे, टाळला. पुढच्या रांगेतल्या काळ्या हिरड्यांच्या शिक्षिकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.