वेनेरा काय म्हणाली

वेनेरा गेली जानेवारीत, न्यूमोनियानं. मागे तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. म्हणून वसंतात तिनं काम केलेला मूक सिनेमा एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या थिएटरात लागला, तेव्हा तिची आई, डोन्ना आग्रिपीना, काळी शाल ओढून माझ्याशेजारी येऊन बसली.

"सारिदा, ती बोलली की काय म्हणते ते मला सांग हं पोरी."

पडद्यावरची इंग्रजी अक्षरं इंग्रजी न येणाऱ्या आमच्या रांगेला आमच्या सिसिलीच्या बोलीत वाचून दाखवायची, हे काम माझंच.

सिनेमा होता गरिबीपायी चोर होणाऱ्या मुलींचा. डिसेंबरात कंपनीवाले आमच्याच गल्लीत आले, पोरी रोजावर घेतल्या. वेनेराला म्हणाले, गरीब दिसत नाहीस, कोट काढ. तिनं काढला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत सिनेमातल्या शिपायानं तिला दुकानाच्या दारात धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

आता पडद्यावर शिपायानं तिचं मनगट पकडलं. केस विस्कटलेले, डोळे मोठे, जिवंत. डोन्नाचा हात माझ्या हातात रुतला. वेनेराचे ओठ हलले, मग अक्षरं आली: माझ्या आईनंच मला चोरी शिकवली.

मी वाचलं, "मी चोर नाही, असं म्हणते."

मागून, थोडंफार इंग्रजी वाचणारा न्हावी काताल्दो हसला. "सारिदाबाई, शाळेत वाचायला शिकलीस की बदलायला?"

"तुम्ही दोघं गप्प बसा," डोन्ना म्हणाली. नजर पडद्यावरून हलली नव्हती. अक्षरं गेली, वेनेरा परत आली, ओठ पुन्हा हलले. डोन्नाचेही ओठ तिच्याबरोबर हलले, लेकराला घास भरवताना आईचे हलतात तसे.

"ती चोरीबिरीचं काही बोलत नाहीये. मा, थंडी वाजते, म्हणते. बघ, पुन्हा तेच. थंडी वाजते." तिनं शाल घट्ट धरली. "तिथं कुणालाच ऐकू गेलं नाही का गं?"

"चित्र काढायच्या यंत्राचा आवाज फार होता, डोन्ना."

आवाज एवढा नव्हता. गर्दीतली बाई म्हणून मलाही रोजावर घेतलं होतं. माझा कोट माझ्या अंगावर होता आणि वेनेरा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर होती. मीच तिला म्हटलं होतं, "कुडकुडू नकोस, चित्र बिघडेल."