जामसांवलीकडे तोंड करून उभा असलेला ट्रक

मित्रांनो, तिगाव स्टेशनकडून येणारा कच्चा रस्ता संत्र्याच्या बागांमध्ये शिरला, की डाव्या हाताला एक उतरतं अंगण लागतं. त्या अंगणात निळ्या रंगाचा आणि कपाळावर दोन संत्री रंगवलेला जो जुना ट्रक दिसेल ना, तोच मी. त्यातलं एक संत्रं टमाट्यासारखं दिसतं, हे मला माहीत आहे. पेंटरजवळचा पिवळा रंग संपला होता. हसायचं असेल तर हसून घ्या, मग पुढचं सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. चार-दोन लोखंडी पट्ट्या, एक इंजिन, चाकं आणि उघड्यावरची एक सीट. डोक्याला मफलर गुंडाळून एका ड्रायव्हरने मला नागपूरपर्यंत आणलं. तिथे सुतारांनी मला लाकडी फळ्यांची बॉडी बांधली, पेंटरने रंग दिला, आणि माझे मालक भैय्याजी मला घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी केसरबाईंनी माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि मला असं ओवाळलं की जसा काही मी त्यांचा नवा जावईच.

मग कामाला लागलो. बाग तोडणीला आली की माझ्या पोटात भाताच्या तणसाचा जाड थर अंथरायचे आणि त्यावर संत्री. नागपूरच्या मंडईपर्यंत एकही फळ दबायचं नाही. कापसाच्या दिवसांत मी सौंसरच्या जिनिंगला जायचो. तेव्हा मी इतका फुगलेला असायचो, की समोरून येणारा बैलगाडीवाला आपणहून बाजूला व्हायचा. लग्नसराईत बँडवाले माझ्या पाठीवर चढत आणि वाटभर वाजवत. भैय्याजी रस्त्यात कोणीही भेटलं की माझ्या दारावर थाप मारून म्हणायचे, "अर्ध्या सेल्फमधी चालू होते हा."

सेल्फ म्हणजे काय, ते सांगतो. किल्ली फिरवली की एक मोटर इंजिनाला गरगर फिरवून जागं करते. आमच्याकडे तिला सेल्फ म्हणतात.

याच सेल्फने एका हिवाळ्यात माझी अब्रू घालवली. सकाळी भैय्याजींनी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, फिरत राहिला, आणि मी नुसता खोकलो. घसा पार कोरडा पडला होता.

"थंडी हाय ना," भैय्याजी म्हणाले. "संक्रांत गेली का होते बरोबर."

संक्रांत गेली, होळी आली, माझं काही बरोबर झालं नाही. त्यात गंमत अशी, की मी रोज अडायचो नाही. मंडईत पहिल्या झटक्यात सुरू व्हायचो, जिनिंगलाही व्हायचो. घरी मात्र मनात येईल तसं. भैय्याजींनी नवी बॅटरी टाकली, सेल्फ खोलून साफ करवला, डिझेलचा फिल्टर बदलला. सौंसरचे मोरेश्वर मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाजवळचा छोटा पंप हाताने दाबून दाबून डिझेल वर ओढलं, आणि मी लगेच धडधडलो.

"तुमचा ट्रक मले पाहून घाबरते, भैय्याजी," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "मीच येऊन बसत जाऊ का रोज सकाळी?"

"या ना. नाश्ता बी करत जा."

"मजाक नाई. नळीत हवा घुसून राहिली. पण कुठून घुसते, तेच दिसत नाई. कुठं एक थेंब डिझेल गळत नाई."

थेंब गळत नाही म्हटल्यावर फूट तरी शोधायची कुठे? मिस्त्रींनी दिसतील तेवढे वायसर बदलले आणि ते गेले. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा खोकलो.

आता केसरबाईंनी सूत्रं हाती घेतली. दर शनिवारी भैय्याजी त्यांना घेऊन माझ्यातूनच जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जात. तिथून निघताना मी कधी म्हणजे कधीच अडलो नव्हतो.

"देवाजवळ चालू होते, घरी होत नाई," केसरबाई म्हणाल्या. "म्हंजे आपल्याच घरात काही चुकून राहिलं."

"अवं, तिथं तं देवच निजेल हाय," भैय्याजी म्हणाले. जामसांवलीची मूर्ती आडवी, निजलेली आहे. "त्याचं पाहून हा बी निजायले शिकला."

"तुमच्या जिभेले हाड नाई काही. आजपासून ट्रक लावायचा तं जामसांवलीकडे तोंड करून लावायचा. उठल्या उठल्या त्याले देवाची दिशा दिसली पाह्यजे."

भैय्याजी घरात कोणाला नाही म्हणतील, पण केसरबाईंना नाही. जामसांवली आमच्या अंगणाच्या चढाच्या बाजूला येते, म्हणून त्या दिवसापासून मी चढाकडे तोंड करून उभा राहू लागलो. आणि मित्रांनो, आधी अधूनमधून अडायचो, तो मी आता रोज सकाळी अडू लागलो. केसरबाई माझ्या काचेला उदबत्ती ओवाळायच्या. मला फार वाईट वाटायचं. एवढा मान द्यायचा आणि मी नुसतं घुर्र करून गप्प बसायचं.

मग ती सकाळ आली. बागेत तोडलेल्या संत्र्यांचे ढीग लागले होते आणि मी सुरू होईना. भैय्याजींनी मला उतारावरून उलटा सोडला, वेगात आलो की रिव्हर्स गिअर टाकून जागा करायचा म्हणून. मी जागा झालो नाही. थेट बागेत घुसलो आणि एका भरल्या झाडाला टेकलो. फांदी कडकन मोडली, फळं माझ्या पाठीवर टपाटप पडली. भैय्याजी खाली उतरले. मोडलेली फांदी त्यांनी बाजूला ठेवली, संत्री दुसऱ्याच्या गाडीतून पाठवली, आणि पांढुर्ण्याच्या भंगारवाल्या चिंधूसेठला फोन लावला.

"रविवारी या," ते म्हणाले. "हो, पुराच न्या."

गॅसच्या कटरने ट्रक कसा कापतात, ते मी पाहिलेलं आहे. तेव्हापासून रविवार सोडून मला काही सुचेना.

भैय्याजींची नात उर्वशी अकरावीत शिकते. घरात टीव्ही लागला की ती पुस्तकं घेऊन माझ्या केबिनमध्ये येऊन बसते. शनिवारी दुपारी तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण लक्ष नव्हतं. पेन सीटवर ठेवलं की ते घरंगळून मागे जात होतं. तिने पुन्हा ठेवलं, ते पुन्हा मागे गेलं. मग ती एकदम खाली उतरली, वाकून माझ्याखाली पाहिलं, आणि घराकडे पळाली.

"आबाजी, हा मंडईत नाही अडत, जिनिंगमध्ये नाही अडत, देवळाजवळ नाही अडत. तिथं सगळीकडे जागा सपाट आहे. हा फक्त चढावर तोंड असलं की अडते."

"म्हातारा झाला तो, बेटा."

"म्हातारा काय फक्त चढावरच म्हातारा होते का? टाकी खाली अन् इंजिन वर राहिलं, का रातभरात नळीतलं डिझेल टाकीत परत उतरत असन. म्हणून थेंब दिसत नाही. आज त्याले उलटा लावू, तोंड उताराकडे. मग टाकी वर राहीन, अन् जिथून हवा आत जाते, तिथून डिझेल बाहेर येईन."

भैय्याजी विचारात पडले. पण केसरबाई दारातूनच म्हणाल्या, "म्हंजे देवाकडे पाठ करून?"

"आजी, जामसांवलीच्या पार्किंगमधी आपण कसा लावतो? निघायले सोपं जावं म्हणून रस्त्याकडे तोंड करून. म्हणजे देवळाकडे पाठच झाली ना. तिथं तर देव रागावत नाही."

भैय्याजींनी हसू मिशीत दाबलं. शेवटी केसरबाई म्हणाल्या, "एकच दिवस. अन् तुमी हसू नका, मले दिसून राहिलं."

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी हाताने पंप मारून मला सुरू केलं, भैय्याजींनी वळवून उताराकडे तोंड करून लावलं आणि चाकांना दगड दिले. उर्वशीने माझ्याखाली टाकीपासून इंजिनापर्यंत पुठ्ठे अंथरले. मी मनात जामसांवलीच्या देवाला हात जोडले. पाठ होती, पण जोडले.

रविवारी सकाळी चिंधूसेठ गाडी घेऊन आलेच. त्यांच्यासमोर भैय्याजींनी किल्ली फिरवली. मित्रांनो, काय सांगू. घसा ओला होता. मी अर्ध्या सेल्फमध्ये असा धडधडलो, की झाडावरचे पोपट उडाले.

"हा तं जिवंत हाय," चिंधूसेठ म्हणाले. "मले कायले बलावलं?"

"चहा प्यायले," केसरबाई म्हणाल्या.

उर्वशीने पुठ्ठे ओढून काढले. एकावर रुपयाएवढा ओला डाग होता. मिस्त्री त्या जागेखाली आडवे झाले. तिथे डिझेलची रबरी नळी एका लोखंडी पट्टीखालून जात होती. पट्टी सैल केली, तर आतल्या बाजूने नळी घासून घासून केसाएवढी चिरली होती.

"मी हिच्यावरून चार वेळा हात फिरवला," मिस्त्री खालूनच म्हणाले. "पट्टीखाली नाई पाह्यलं. पोरी, दहावीनंतर माह्या दुकानात येऊन बसाचं होतं."

"अकरावीत आहे मी, मोरेश्वरकाका."

"मंग बारावीनंतर ये."

नवी नळी बसली. पण खरी परीक्षा पुढे होती. त्या संध्याकाळी भैय्याजींनी न विचारताच मला पुन्हा जामसांवलीकडे तोंड करून चढावर लावलं. सोमवारी सकाळी सगळे अंगणात आले. केसरबाईंच्या हातात उदबत्ती होती, पण ती त्यांनी पेटवली नव्हती. किल्ली फिरली आणि मी सुरू झालो. सगळे हसले, बोलले. केसरबाई मात्र माझ्या चाकाला टेकून खाली बसल्या.

"मले वाटलं, माह्याच हातून काही चुकलं असन," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून देव ऐकत नसन."

"नळी होती आजी, हातभर," उर्वशी त्यांच्याजवळ बसली.

केसरबाईंनी पदराने डोळे पुसले, मोठा श्वास सोडला, आणि उदबत्ती पेटवली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र अडत असेल. ते म्हातारं झालं, असं लगेच म्हणू नका, आणि स्वतःलाही लगेच दोष देऊ नका. ते कधी अडतं आणि कधी अडत नाही, एवढं नीट पाहा. आम्हाला बोलता येत नाही. कुठे दुखतं, ते आम्ही अडूनच सांगतो. तेव्हा कृपा करून एकदा खाली वाकून पाहा.